मासा ठेवा, आतडी द्या

सगळं जग मासा घेतं आणि आतडी टाकून देतं. आमच्या बाईंचं उलटं. सकाळी सांगलीत कृष्णेच्या काठाला भोयांच्या होड्या लागल्या की बाईंची लूना तिथं हजर. तडफडणाऱ्या एखाद्या रोहूकडं बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हा फाडा. मासा ठेवा, आतडी द्या."

भोईणीला पहिल्या दिवशी वाटलं, बाईला याड लागलंय. मग वाटलं, घरी मांजरं असतील. शेवटी तिनं विचारलंच, "आवं बाई, ह्या घाणीचं करता तरी काय?"

"आतली बाजू बाहेर काढते. तुम्ही झंपर धुताना करता ना, तसं."

त्यानंतर भोईणीनं काही विचारलं नाही. आतडी द्यायची आणि लूना वळेपर्यंत कपाळाला हात लावून बघत बसायची.

या बाई आमच्याकडं भाड्यानं राहायच्या. मूळच्या वाईच्या. प्राणिशास्त्र शिकवायच्या, साताऱ्याहून बदली होऊन सांगलीच्या कॉलेजात आलेल्या. लग्न केलेलं नाही. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, हडकुळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात जत्रेत मिळते तसली काचमण्यांची माळ. उभ्या जन्मात मासा तोंडात घातला नव्हता, चातुर्मासात तर कांदासुद्धा नाही. आणि लूनाच्या पिशवीत कायम दोन थर्मास. तांबडा चहाचा, निळा आतड्यांचा. आमच्या वस्तीत पोस्टमनलासुद्धा पाठ होतं, बाईंनी चहा विचारला तर आधी थर्मासाचा रंग बघायचा.

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचणं-लिहिणं पुड्यांच्या कागदांवर आणि शिळ्या वर्तमानपत्रांवर माझं मीच वाढवलं. त्यामुळं शास्त्राचं काही इकडंतिकडं झालं तर चूक माझी, बाईंची नव्हे. पण एक गोष्ट मी कुणाहीसमोर छातीवर हात ठेवून सांगेन. आमचे हे शेवटपर्यंत घरी राहिले ते बाईंमुळं. आणि माशाच्या आतड्यामुळं. हसू नका, ऐका.

त्या आमच्याकडं आल्या कशा, ते आधी सांगते. सांगलीत त्यांना खोली मिळायची, टिकायची नाही. नाव-गाव ऐकून घरमालक हसत खोली द्यायचे आणि चार दिवसांनी वास सुटला की सामान बाहेर. आमचं वेगळं होतं. हे फौजेतून पेन्शनीत आले तेव्हा आम्हीही सांगलीत खोली शोधली होती. आमच्या बाबतीत वास येईपर्यंत कुणी थांबलंच नाही, आडनावावरच दारं लागली. मग शहराला लागूनच असलेल्या आमच्या गावात, बौद्धवस्तीत, जुन्या घराला दोन खोल्या वाढवल्या. त्यातली पुढची रिकामी होती.

बाई लूना ढकलतच आल्या. पेट्रोल संपलेलं. दारातूनच म्हणाल्या, "खोली हवी आहे. पण आधीच सांगते, मी घरात माशांची आतडी आणते. वास येतो."

आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "आतडी चालत्यात आमाला. आमी चालतो का तुमाला, तेवडं सांगा."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "माठ कुठे आहे, आजी? घसा कोरडा पडलाय." आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन, स्वतःच्या हातानं ओतून घेऊन, दोन तांबे पाणी प्याल्या.

झालं. खोलीचं एवढंच बोलणं झालं. आणि त्या दिवसापासून जो मासा भोईण ठेवून घ्यायची तो आत्याबाईंच्या कालवणात यायला लागला. आत्याबाई म्हणायच्या, "असा भाडेकरू सांगलीत दिवा लावून सापडायचा न्हाई."

बाई कुणालाही सकाळी भेटल्या की नमस्काराऐवजी विचारायच्या, "रात्रीचं पचलं का?" आत्याबाई पहिल्यांदा लाजल्या. मग सवय झाली. पुढं दोघींनी मिळून एक नवाच नमस्कार तयार केला. अंगणात समोरासमोर आल्या की बाई म्हणायच्या, "जयभीम आजी, पचलं का?" आणि आत्याबाई हात जोडून म्हणायच्या, "जयभीम बाई, पचलं. तुमचं?"

दुसरं त्यांचं एक वाक्य होतं: "गिळलं ते खाल्लं नव्हे. आत गेलं ते खाल्लं." हे त्या कशालाही लावायच्या. इलेक्शनच्या भोंग्याला, कॉलेजातल्या पोरांच्या परीक्षेला, मलासुद्धा. एकदा मी वर्तमानपत्राचं अख्खं पान न अडखळता वाचून काढलं आणि मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगायला गेले. तर म्हणतात कशा, "वहिनी, गिळलंत. आत काय गेलं ते सांगा." मला एक ओळ आठवेना. इतका राग आला म्हणता! पण परत जाऊन वाचलं, हळू वाचलं, आणि त्यांच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. तेव्हा त्यांनी तांबड्या थर्मासातला चहा दिला. मला वाटतं, माझी पाचवी त्या दिवशी झाली.

खोलीत त्यांनी एक छोटी प्रयोगशाळाच थाटली होती. आतड्याचा बोटभर तुकडा काचेच्या बारीक काडीवर चढवायचा, मोज्यासारखा उलटा करायचा, दोन्ही तोंडं रेशमाच्या दोऱ्यानं बांधायची आणि ती पिटुकली पिशवी औषधी पाण्याच्या बाटलीत सोडायची. बाटलीत एक छोटं यंत्र बुडबुडे सोडत असायचं. आतड्याची जी बाजू एरवी अन्नाला लागते ती आता बाहेर. बाहेरच्या पाण्यात खाणं टाकायचं आणि नंतर पिशवी उघडून बघायचं, आत काय-काय आलंय. गाठ इतकी नाजूक मारायच्या की माझ्यासारखी जन्मभर हातशिलाई केलेली बाई बघत राहायची.

एकदा प्रयोग ऐन रंगात आला आणि लाईट गेली. बुडबुडे बंद. बाई अंगणात धावत आल्या. "साहेब, सायकलचा पंप आणा! लवकर!"

आमच्या ह्यांना त्या साहेब म्हणायच्या. फौजेतल्या माणसाला हुकूम मिळाला की पाय आपोआप हलतात. हे पंप घेऊन गेले आणि बसले हवा मारत. बऱ्याच वेळानं मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"मॅडम, पर मासा तर कवाच मेला."

"मासा मेला. आतडं मेलेलं नाही. त्याला अजून बातमी पोचलेली नाही. हळू मारा, बुडबुडे बारीक यायला हवेत."

हे बाहेर आले तेव्हा सदरा ओलाचिंब. म्हणाले, "मोठमोठ्या सायबांच्या ऑर्डरी ऐकल्या, पर माशाच्या आतड्यानं असा रगडा दिला न्हवता."

आता आमच्या घरचं दुखणं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझं लग्न झालं तेव्हा हे फौजेत. वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचे. बरोबर एक काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. पेटी अंगणात उतरली की माझी दिवाळी आणि पेटीला परत कुलूप लागलं की माझं तोंड उतरायचं. सवत असावी तशी होती ती मला. अशी सगळी उमेदीची वर्षं गेली. पेन्शनीत आले तेव्हा पेटी खाटेखाली सरकवली आणि मी मनात म्हटलं, आता हिचं थोबाड बघायला नको.

पण घरी बसून खायचं काय? ओढ्याच्या अंगाला आमचा जमिनीचा तुकडा होता. वरच्या अंगाला सगळा ऊस. उसाला पाटाचं पाणी मोप, आणि ते पाझरून येऊन थांबायचं आमच्यात. मीठ फुटून रान पांढरं झालेलं, कुसळ उगवत नव्हतं. ह्यांनी तिथं तळं खणलं. म्हणाले, "पाणी हटत न्हाई ना? मग पान्याचीच शेती करू." आणि मासे सोडले. माशाची नुकती जन्मलेली पिल्लं इतकी बारीक असतात की त्यांना मत्स्यजिरेच म्हणतात. पहिल्या वर्षी सोडलेले जिरे बरेचसे मेले आणि उरले ते वाढलेच नाहीत.

पुण्यात ह्यांच्या पलटणीतला एक दोस्त होता. त्याचा निरोप आला, कारखान्याच्या गेटावर वॉचमनची जागा आहे, राहायला खोलीही मिळेल, एकट्यापुरती.

हे म्हणाले, "औंदा परत एकदा जिरं सोडतो. औंदा बी असंच झालं, तर दिवाळी करून मी पुण्याला."

आणि खाटेखालची पेटी ओढून काढली. उन्हात ठेवली, बिजागरीला तेल घातलं. फौजेतली मच्छरदाणी, कांबळं, पाण्याचा मग, सगळं झटकून परत आत रचून ठेवलं. मी चुलीपुढं बसून सगळं बघत होते. माणूस घरी आलाय असं म्हणेस्तोवर माणूस निघाला.

हे सगळं बाईंना ठाऊक नव्हतं. त्या आपल्या आतडी उलटी करत होत्या.

त्या दिवसांत मन रमावं म्हणून मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायची. एकदा विचारलं, "बाई, हे सारखं शोधताय तरी काय?"

त्यांनी गळ्यातली काचमण्यांची माळ काढली आणि कात्रीनं कचकच तोडली! मणी खोलीभर. "हे प्रथिन," म्हणाल्या. "डाळीत, दाण्यात, मांसात असतं ते. लांबलचक माळ. आतड्याच्या भिंतीतून अख्खी माळ आत जात नाही. मग पोटातल्या कात्र्या तिचे तुकडे करतात." एकेक सुटा मणी बाजूला केला. "सुट्या मण्यांना वेगवेगळी दारं. लाल मण्याचं वेगळं, निळ्याचं वेगळं. पण हे बघा." दोन मण्यांचा आणि तीन मण्यांचा असे तुकडे तळहातावर घेतले. "यांच्यासाठी भिंतीत एक हमाल असतो. तोही प्रथिनच. दोन किंवा तीन मणी एकत्र असले की रंग न विचारता उचलून आत टाकतो. चार झाले की हात लावत नाही."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. "हमाली काय घेतो त्यो?"

बाईंचा चेहरा असा फुलला! "आजी, माझे विद्यार्थी हा प्रश्न विचारत नाहीत. आंबटाचा एक कण घेतो. आंबट आत येताना त्याच्या जोरावर तो माल ओढतो."

"मंग ताक पाजा की माश्याला."

"ते आंबट आतडंच दाराशी तयार ठेवतं."

"शाणं हाय म्हनायचं," आत्याबाई म्हणाल्या आणि मणी गोळा करायला खाली वाकल्या.

मी विचारलं, दोन मणी सुट्या दारानं जातात की हमालाकडून, हे कळतं कसं? दुसऱ्या दिवशी बाई मला लूनावर बसवून हळदीच्या यार्डात घेऊन गेल्या. एका गोदामाच्या दारात, जिथून हमाल पोती घेऊन आत-बाहेर करत होते, तिथं मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ बाई, सरका की! पोतं डोस्क्यावर हाय!"

"एक मिनिट." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघा वहिनी. मी वाटेत आले की त्यांचा माल थांबला. का थांबला? कारण दार एकच. आतड्यात मी हेच करते. मण्यांची एक जोडी आत जात असताना मध्येच दुसरी जोडी सोडते. पहिलीचं जाणं मंदावलं, म्हणजे दोघींचा हमाल एकच."

"आवं ताई," तो हमाल मला म्हणाला, घाम आणि हळद गालावरून ओघळत होती, "कुणाची हाय ही बाई? घरला न्या की हिला!"

मी त्यांचा हात धरून बाजूला ओढलं. परत येताना विचारलं, "बाई, आतड्यातला तो हमाल तुम्ही बघितलाय?"

"नाही. रोहूच्या आतड्यातला मी पाहिलेला नाही. पण त्यानं आत टाकलेला माल रोज बघते."

माझं माहेर कोरेगावचं. एकदा मी माहेरी निघाले होते तर बाई म्हणाल्या, साताऱ्यापर्यंत बरोबर जाऊ, भावाकडं जायचंय. त्यांच्या भावाकडं चहाला थांबले. भाऊ सज्जन, पण बहिणीपायी पार अवघडलेले. मला म्हणाले, "ताईला अभ्यासाला पक्षी नव्हते का? फुलपाखरं नव्हती? आम्ही पाहुण्यांना सांगायचं काय?" बाईंनी आपली जोडी-हमालाची गोष्ट तिथंही सुरू केली. भावजयीनं कपबशा उचलल्या, भावानं घड्याळ बघितलं.

त्या मला स्टँडवर सोडायला आल्या, माझी गाडी लागली. मग म्हणाल्या, "त्यांची चूक नाही. माझेच तुकडे मोठे होतात."

त्यानंतर त्यांचं बोलणं बदललं, हे मी बघितलं. समोरचा किती घेतोय ते बघत-बघत, दोन-तीन शब्द, थांबायचं, पुन्हा दोन-तीन शब्द. मला जे काही थोडंफार येतं ते अशानं आलं.

पावसाळ्यात ह्यांनी दुसऱ्या वर्षीचे जिरे सोडले. एका सकाळी बाई कॉलेजला निघताना सहज तळ्याकडं वळल्या. मी तिथंच होते. हे घमेल्यातली भिजवलेली शेंगदाणा पेंड मुठीनं पाण्यात फेकत होते. घमेलं अर्धं झालं तसं ते बाजूला ठेवलं.

"हे उरलेलं कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"म्हशीचं. एकच घमेलं भिजवतो. निम्मं तिला, निम्मं ह्यास्नी."

आता आमच्या भागात खाऊ घालायचं जनावर म्हटलं की म्हैस. पेंड कशी भिजवायची, किती वेळ, कोंडा किती, हे आम्हाला म्हशीनं शिकवलेलं. माशाला वेगळं काही लागत असेल हे डोक्यातच येणार नाही.

बाई लूना टाकून बांधावर बसल्याच. लूना खरोखर आडवी पडली. "साहेब, म्हशीच्या पोटाला चार कप्पे. रोहूला पोटच नाही."

"पोट न्हाई?"

"नाही. घशापासून थेट आतडं. म्हशीच्या पोटात पेंड मुरते, मग ती रवंथ करते. यांच्याकडे मुरवायला जागा नाही. आणि ही तर तान्ही आहेत, कात्र्याही अजून धड चालत नाहीत. अख्ख्या माळा आतड्यातून तशाच बाहेर पडतात. यांनी गिळलं, साहेब. आत काही गेलं नाही."

हे पाण्याकडं बघत राहिले. हाताला पेंड तशीच. मग म्हणाले, "म्हंजी माझी पिल्लं भरल्या ताटावर उपाशी मेली."

मला राहवलं नाही. मी बाईंना सगळं सांगून टाकलं, पुणं, गेटावरची जागा, उन्हात ठेवलेली पेटी. हे माझ्याकडं रागानं बघत होते तरी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग तुकडे आपण बाहेरच करून देऊ. आजींची पपई लागेल."

आत्याबाईंची पपई म्हणजे घराच्या कडेला उंचावर लावलेली दोन झाडं. त्यांच्या कच्च्या फळाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बाई विळीचं टोक घेऊन फळांना चिरा पाडत होत्या आणि वाटीत चीक धरत होत्या, तेवढ्यात आत्याबाई ओरडत आल्या. "आगं बया! माझी कच्ची फळं रक्तबंबाळ केली की!"

"आजी, मटण शिजेना तर काय घालता?"

"कच्ची पपई. तिनं मऊ पडतं."

"म्हणजेच त्यातल्या माळा तुटतात. पेंडीच्याही तोडायच्यात. नाहीतर तुमचा मुलगा पुण्याला जाईल."

आत्याबाई थबकल्या. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "त्या वरल्या फळाला चीक जास्ती हाय. सरका, मी काढते."

पेंड कुटायची, कोमट पाण्यात भिजवायची, चीक घालायचा, मडकं उन्हात ठेवायचं. मधूनमधून बाई त्यात बोट बुडवून चाखायच्या. कांदा न खाणारी बाई माशाचं खाद्य चाखायची! "किंचित कडवट लागलं की थांबवायचं," म्हणाल्या. "तुकडे बारीक झाले की कडवट लागतात." थांबवायचं म्हणजे चुलीवर एक उकळी द्यायची, की चिकाचं काम संपलं.

पहिलं मडकं बिघडलं, तेही बाईंमुळं. खोलीत आतडं बांधायला बसल्या आणि मडक्याचा विसर पडला. संध्याकाळी झाकण काढलं तर कडू जहर, आणि वास असा की म्हशीनं दावं ताणलं. तरी ह्यांनी हट्टानं तळ्यात टाकलं. माशांनी तोंड लावलं नाही.

"मॅडम, आता तर मासं थुकायला लागलं," हे म्हणाले.

बाई खजील झाल्या होत्या. "सगळे मणी सुटे झाले. सुटे मणी पाण्यात विरघळून जातात, तोंडापर्यंत पोचतच नाहीत. माझं चुकलं, साहेब. अजून एक मडकं लावू द्या."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कुटलेली पेंड मडक्याशेजारी ठेवलेली होती.

दुसरं मडकं जमलं. तर बाईंनी नवं खूळ काढलं. म्हणाल्या, थोडी पिल्लं जाळीत वेगळी ठेवायची, त्यांना म्हशीचीच पेंड घालायची.

"आन ती मेली तर?" ह्यांचा आवाज चढला. "जाणूनबुजून उपाशी ठिवू?"

"नाहीतर फरक कशानं पडला हे कळणार कसं? पावसानं पडला असेल. पाण्यानं पडला असेल."

"मॅडम, तुमास्नी कळायचं हाय. मला जगवायची हायेत."

दोघं बांधावर समोरासमोर. मी मध्ये. कुणी ऐकेना. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "आरं, तिनं एवडं चाखून-चाखून केलं. ठिव की चार पिल्लं कोपऱ्यात."

बारीक जाळी कुठून आणायची, असा प्रश्न आला. हे उठले, घरात गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला. येताना हातात फौजेतली मच्छरदाणी. कात्रीनं मधोमध फाडली. बांबू रोवून तळ्यात दोन पिंजरे उभे केले, एकात म्हशीची पेंड, एकात पपईची. बाकी तळ्यालाही पपईची. मी बघत होते. पेटीतली पहिली वस्तू बाहेर आली होती.

दिवस जात होते. बाई रोज सकाळी लूना तळ्याकडूनच न्यायच्या. हे रोज मडकं लावायचे, आणि आता तेही बोट बुडवून चाखायला शिकले. बाईंपेक्षा त्यांचीच जीभ तयार झाली. आत्याबाईंची झाडं चिरा पडून-पडून वाघाच्या कातड्यासारखी दिसायला लागली. पपई काही पिकली नाही त्या वर्षी.

दसऱ्याच्या सुमाराला जाळ्या उचलल्या. एकीतली पिल्लं काडीसारखी, डोकं मोठं, अंग नाही. दुसरीतली बोटाएवढी, चमकणारी, हातात ठरेनात. हे कंबरभर पाण्यात उभे होते. एक पिल्लू तळव्यावर घेऊन बघत राहिले.

बाई काठावरून म्हणाल्या, "साहेब, दोन जाळ्यांवरून काही सिद्ध होत नाही हं. पुन्हा करून बघायला हवं."

"तुमचं व्हत नसंल," हे पाण्यातून म्हणाले. "माझं झालं."

दिवाळी झाली. पुण्याच्या दोस्ताचा पुन्हा निरोप आला, जागा धरून ठेवलीय, कधी निघतोस? हे सकाळीच सायकल काढून एसटीडीच्या बूथवर गेले. काय बोलले ते मला सांगितलं नाही. परत आले ते सरळ खाटेखाली हात घातला आणि पेटी ओढली.

अंगणात ठेवली, झाकण उघडलं. कांबळं काढून माझ्या हातात दिलं. पाण्याचा मग काढला. साबणाची डबी काढली. पेटी पार रिकामी करून उपडी केली, थापटली. मी कांबळं धरून उभी.

"बघत काय बसलीस? ती पेंडीची पोती आण हिकडं. उंदरं लागल्यात पेंडीला. लोखंडाला दात चालायचं न्हाईत त्यांचं."

पेंड पेटीत भरली, पेटी सायकलच्या कॅरियरवर बांधली आणि तळ्याकडं गेले. मी चुलीपुढं जाऊन बसले. भाकरी करपली त्या दिवशी. आत्याबाईंनी करपलेलीच खाल्ली.

पुढच्या उन्हाळ्यात पहिलं जाळं ओढलं. सगळी वस्ती काठावर. सगळ्यात मोठा रोहू ह्यांनी दोन्ही हातांत आडवा धरला, लहान मूल धरावं तसा, आणि चिखलातून चालत बाईंपुढं येऊन उभे राहिले. "मॅडम, पयला तुमचा."

बाई खात नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, ह्यांनाही. पण माणूस देतो ते काय समोरचा खातो म्हणून देतो?

बाईंनी त्या माशाच्या पोटावरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मासा ठेवा, साहेब. आतडी द्या."

तिथंच फाडला. बाईंनी आतडं पाण्यात धुतलं, थैलीतली काचेची काडी काढली आणि सगळ्या वस्तीसमोर एक तुकडा उलटा करून उन्हात धरला. आतून मखमल असावी तसा दिसत होता.

"बघा," ह्यांना म्हणाल्या. "याच्यातून गेलं सगळं. हे गिळलेलं नाही. हे आत गेलेलं आहे."

पुढं दोनेक वर्षांनी बाईंची साताऱ्याला बदली झाली. जायच्या दिवशी आत्याबाईंनी एक पुडी हातात दिली. त्यात काचमण्यांची माळ होती. त्या दिवशी खोलीभर उधळलेले मणी म्हातारीनं एकेक करून वेचून ठेवले होते आणि जायच्या आदल्या दिवशी बसून ओवले होते. बाईंनी माळ गळ्यात घातली. लूनाला किक मारली. मग बंद केली, उतरल्या आणि आत्याबाईंच्या पाया पडल्या.

"जयभीम आजी," म्हणाल्या. पुढचं म्हणाल्याच नाहीत.

आत्याबाई गेल्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हेही गेले, याच घरात, स्वतःच्या खाटेवर, मी उशाशी असताना. फौजीच्या बायकोला हे मिळतंच असं नाही. खाटेखालची जागा तेव्हाही रिकामी होती. पेटी तळ्याकाठीच आहे अजून. वरचं नाव आणि नंबर कधीच उडून गेलं. झाकण उघडलं की पेंडीचा आणि पपईच्या चिकाचा वास येतो, तसा थोडा कडवटच.